भिजत घातलेलं सुख
रात्री बादलीत साबणाची पावडर फेसाळवून कॉलर काळवंडलेले शर्ट बुडवले, की निम्मं धुणं उरकल्यासारखं वाटतं. तासाभरात पाणी चहाच्या रंगाचं होतं. आपण बोटही न लावता मळ सुटतोय, हे पाहण्यात केवढं समाधान! तासाचं भिजवणं दोन दिवसांवर गेलं, की मात्र सुटलेला मळ पुन्हा कापडात बसतो आणि बादलीला कुबट वास सुटतो.

हे सुख सरकारलाही ठाऊक आहे. बेळगावचा सीमाप्रश्न १९६६ साली महाजन आयोगाच्या बादलीत पडला, २००४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या. घोंगडं अजून भिजतंच आहे. चोळायला-पिळायला कुणी वाकत नाही. फेस मात्र दर निवडणुकीला ताजा!