सेव्हवाले सर

पीकविम्याचे दिवस आले की हिंगोलीकडच्या सेनगावातल्या सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. सगळ्यांत लांब रांग सरांच्या केंद्रापुढे, आणि सगळ्यांत सावकाश सरकतेही तीच. कारण सर फॉर्म भरता भरता इतिहास सांगतात. तोही औंढ्याचा नाही की नरसीचा नाही. कॅलिफोर्नियातल्या ‘सिएरा ऑन-लाइन’ या गेम कंपनीचा.

“साल १९८०,” समोरच्याचा अंगठा यंत्रावर दाबत सर सुरू होतात. “रॉबर्टा विल्यम्सबाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून खुनाची गोष्ट रचली, चित्रं काढली. नवरा केन, त्यानं ॲपल-टूवर प्रोग्राम लिहिला. ‘मिस्ट्री हाउस’! तोवर असल्या गेममध्ये नुसता मजकूर असायचा. फ्लॉपी प्लास्टिकच्या पिशवीत घालून विकली त्यांनी.”

“खताच्या का?” मागून चौकशी होते.

सर चिडत नाहीत. ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्दही त्यांच्या तोंडून कधी निघत नाहीत. त्या जुन्या गेममध्ये ‘दार उघड’ असं टाइप करावं लागे. गेमला नाही कळलं तर दुसरे शब्द. तीच चिकाटी सर पोर्टलपुढे दाखवतात. आधारवरचं नाव जुळेना, तर एक ‘ए’ वाढवून बघतात, बापाचं नाव पुढं-मागं करतात, टिंब काढतात.

“काय म्हणायलंय ते?” शेतकरी विचारतो.

“कळलं नाही म्हणतंय. नाही म्हणालेलं नाही.”

सरांकडे कागद टाकायची सोय नाही. सिएराच्याच १९९० च्या ‘किंग्ज क्वेस्ट ५’ मध्ये मांजरावर जुना बूट किंवा काठी फेकून उंदराला वाचवलं नाही, तर पुढं तळघरात बांधलेल्या राजाच्या दोऱ्या कुरतडायला तो उंदीर येत नाही; राजा कायमचा अडकतो. म्हणून सरांच्या खणात रद्द पासबुकं, जुने सातबारे, गतसालच्या पावत्या. आणि दर रकान्यानंतर सेव्ह. घरून जेवायला हाक आली तरी उत्तर तेच, “सेव्ह करून येतो.”

कंपनीचा शेवट मात्र सर आवाज उतरवून सांगतात. १९९६ साली केननं सीयूसी नावाच्या कंपनीला सिएरा विकली. मोबदल्यात तिचे शेअर घेतले. १९९८ मध्ये सीयूसीच्या हिशेबातला घोटाळा फुटला, शेअर कोसळले. फेब्रुवारी १९९९ मध्ये सिएराचा ओकहर्स्टचा स्टुडिओ बंद झाला. “आणि १ मेला आपला हिंगोली जिल्हा झाला,” सर जोडून देतात. संबंध कुणी विचारत नाही.

परवा हळदीवाले एक काका म्हणाले, “रोख न घेता व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवर माल सोडला म्हणा की!”

सर बराच वेळ योग्य कमांड शोधत राहिले. सापडेना, तेव्हा त्यांनी काकांकडे ओटीपी मागितला.