लाखांत खेळणारी भाची

आमची भाची लाखांत खेळते. अंशांच्या. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस. ही जागा तिच्या दृष्टीनं थंडगार आणि दुर्लक्ष करण्याजोगी. तिचं काम त्याच्या वर, सूर्याच्या बाहेरच्या वातावरणात, कोरोनात. तिथं पारा दहा-वीस लाखांवर जातो. (या नावावरचे सगळे विनोद तिनं 2020 सालीच ऐकून संपवलेत, वाचकांनी तसदी घेऊ नये.) आचेपासून लांब गेल्यावर ऊब कमी व्हायची ती वाढते कशी, हे कोडं 1940च्या सुमारापासून भल्याभल्यांना पुरतं सुटलेलं नाही. आणि ते सुटत नाही तोवर पुण्यातल्या एका संस्थेत तिला दरमहा 37,000 रुपये मिळतात.

मिळतात म्हणजे मिळायचे असतात. सूर्याचा प्रकाश सव्वाआठ-साडेआठ मिनिटांत आपल्यापर्यंत पोचतो, सौरवादळ दोन-तीन दिवसांत. फेलोशिपचं असं काही सांगता येत नाही. ती आली की एकरकमी येते. त्या दिवशी भाची सगळ्यांना मिसळ खिलवते आणि मग पुढची लाट येईपर्यंत ताईच्या डब्यावर राहते.

प्रत्यक्ष सूर्याशी तिचा संबंध बेताचाच. उठते अकराला, खोलीला जाड पडदे, आणि डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाच्या पुड्या दिलेल्या. तिचा सूर्य स्क्रीनवर उगवतो. नासाची सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी 2010 पासून दर बारा सेकंदांना त्याचे फोटो काढत बसली आहे. त्यातला अतिनील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रत्येक तरंगलांबीला एकेक रंग नेमून दिलाय. 171ला सोनेरी. "आज 171मध्ये काय गोड दिसतोय!" असं ती फोनवर म्हणाली की आतल्या खोलीत ताईचे कान टवकारतात.

रथसप्तमीला मात्र आजीपुढे कुणाचं चालत नाही. अंगणात गोवऱ्यांवर दूध ठेवायचं, ते उतू जाऊ द्यायचं आणि कुठल्या दिशेला गेलं ते बघायचं. यंदा आम्हाला वाटलं, ही आता आजीला विज्ञान शिकवणार. तर ही आजीपेक्षा वाकून बघतेय. "आमचं तरी दुसरं काय असतं, आजी? तोही अब्जावधी टन माल भसकन बाहेर टाकतो. तो कुठल्या दिशेला गेला, एवढंच विचारायचं. आपल्याकडे आला तर पंचाईत." आजीला पहिल्यांदाच पीएचडी म्हणजे काय ते कळलं.

ही पंचाईत म्हणजेच क्यूबेक. 13 मार्च 1989 रोजी सौरवादळानं कॅनडातल्या या प्रांताची वीज नऊ तास घालवली, साठ लाख लोक अंधारात बसले. गाईडसाहेबांच्या वतीनं अनुदानाचे अर्ज भाची लिहिते, आणि 'समाजाला उपयोग' हा रकाना आला की क्यूबेक येतंच. बिचाऱ्या क्यूबेकवाल्यांना कल्पनाही नसेल, त्या नऊ तासांच्या अंधारावर जगभरच्या किती सौरशास्त्रज्ञांच्या चुली पेटल्या! पुढचा रकाना अवघड: कुठल्या तिमाहीत काय शोध लागेल. ऐंशी वर्षांचं कोडं तिनं सातव्या तिमाहीत सोडवायचं ठरवलंय. आठवीत हिशेब.

तिचा देव एकच, युजीन पार्कर. सूर्याकडून सतत वारा वाहतो असं त्यानं 1958 साली मांडलं, तेव्हा दोन्ही परीक्षकांनी लेख नाकारला. संपादक होते आपले चंद्रशेखर, त्यांनी तरी तो छापला. 2018 मध्ये त्याच्या नावाचं यान सूर्याकडे निघालं, ते बघायला तो हयात होता. आणि 2024च्या नाताळाच्या आदल्या दिवशी ते यान सूर्यापासून 61 लाख किलोमीटरवरून गेलं. भाचीचा पेपर परत आला की ही कथा होते. वर्षातून बऱ्याच वेळा होते. "पण पार्करचं बरोबर होतं ना?" असं मी एकदा विचारलं. दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद.

कोरोना तापतो तो असंख्य इवल्या ज्वाळांनी, हेही पार्करचंच म्हणणं; म्हणून भाचीचंही. दुसरा पक्ष म्हणतो, चुंबकीय लाटा खालून ऊर्जा वर नेतात. हल्ली बरेच जण दोन्हींचा हात असावा असं म्हणतात. अशा समजूतदार माणसांचा तिला विशेष राग.

आणि नेमकं ताईनं स्थळ आणलं. मुलगा बेंगळुरूचा, सूर्यावरच काम करणारा, निर्व्यसनी, पत्रिका जुळलेली. भाचीनं फोटो बाजूला सारला आणि त्याचे पेपर उघडले. दहाव्या मिनिटाला निकाल: "लाटांवाला आहे."

"अगं, पण नोकरी कायम आहे त्याची!"

"म्हणून काय झालं? आयुष्यभर जेवताना लाटा ऐकायच्या?"

स्थळ मोडलं. परवा ताई फोनवर कुणाशी तरी बोलत होती. गोत्र विचारून झालं, रक्तगट विचारून झाला. मग तिनं आवाज थोडा खाली घेतला. "आणि एक विचारायचं होतं. मुलगा लाटांचा की ज्वाळांचा?"