देवीच्या पायाखालची ओळ

नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या इस्लापुरात कुणाच्या घरी पहिल्यांदा गेले की आमचे गुरुजी थेट देवघरासमोर जाऊन वाकतात. लक्ष्मीच्या तसबिरीला नाक लावतात, चष्मा कपाळावर सारतात आणि बराच वेळ हलत नाहीत. घरातल्या बाया भारावतात. केवढा भाविक माणूस! गुरुजी वाचत असतात ती पायाखालची बारीक इंग्रजी ओळ : रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. ती दिसली की हात आपोआप जोडले जातात. शिवकाशीचा छाप निघाला, तर प्रसादालाही थांबत नाहीत.

हा वाण तालुक्या-तालुक्यात सापडतो. निवृत्त मास्तर, पोस्टमन, नाहीतर कंपाउंडर. नाणी जमवणाऱ्यांना हे लोक हलके समजतात, कारण नाण्याला मुळातच किंमत असते. यांना हवा तो फेकून देण्यासाठीच छापलेला कागद : काडेपेटीचे छाप, बिडी बंडलांची लेबलं, सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या, सर्कशीची हँडबिलं, मुदखेड-आदिलाबाद लाइन मीटरगेज होती तेव्हाची पुठ्ठ्याची तिकिटं. लग्नाचं आवतण द्यायला कुणी आलं की गुरुजी आधी सांगतात, "माझ्या पत्रिकेला हळदीकुंकू लावू नका, कागद नासतो." अपशकुनी म्हणून दोन घरांनी आवतण देणंच बंद केलं.

चित्रकार राजा रविवर्म्याचा विषय निघाला की त्यांना आवरणं कठीण. राजानं १८९४ साली मुंबईत छापखाना घातला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, शेवटी श्लायशर नावाच्या जर्मनाला विकला गेला. काडेपेटीवरचे देव तर स्वीडन-जपानहून छापून यायचे. "देव आपले, शाई परदेशी. सोवळं कुठं पाळता?" असं विचारून ते समोरच्याचा चहा गार करतात. रविवर्म्याच्या तसबिरींवर बायका हौसेनं जरी-टिकल्या चिकटवत, आणि नेमकी एखादी टिकली छापखान्याच्या नावावर बसलेली असे. एका घरी गुरुजी ती नखानं उचकटत असताना मागून आवाज आला, "गुरुजी, काय करायलाव?" त्या घरी आता त्यांना ओसरीवरच बसवतात.

नंदीग्राम एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन त्यांच्यासोबत जहांगीर आर्ट गॅलरी बघण्याचा योग मलाही आला. १९५२ सालापासूनचं ते नामांकित दालन. लोक चित्रापुढं जात, दोन पावलं मागं सरत, मान तिरकी करत. गुरुजी दारातल्या टेबलाशीच रमले. निमंत्रणपत्रिका, माहितीपत्रक, किमतींचा कागद, सगळ्याच्या दोन-दोन प्रती : एक संग्रहाला, एक अदलाबदलीला. चित्रकार बिचारा आशेनं जवळ आला. "कसं वाटलं?"

"आर्ट पेपर उत्तम," गुरुजी म्हणाले. "फक्त पिना मारायला नको होत्या. गंजतात."

मी तोवर एका भल्यामोठ्या निळ्या चित्रापुढं उभा होतो. काही कळत नव्हतं, पण पाय निघत नव्हता. गुरुजींनी बाही ओढली. "चित्राला भिंत लागते बाबा, अन् भिंतीला पैका. पत्रिकेला खिसा पुरतो." युक्तिवाद बिनतोड होता, तरी मला पटला नाही. तो निळा रंग अजून डोळ्यांत आहे. चित्रकाराचं नाव मात्र गुरुजींनाच विचारावं लागतं, ही माझी पंचाईत.

गावानं त्यांना रद्दीवाले ठरवून टाकलं होतं. मग सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला. १९४८ च्या आधीचा कागद एकदम सोन्याच्या भावाचा झाला. उर्दू चालेल, मोडी चालेल, वाळवी लागलेला चालेल! ज्यांनी ओसरीवर बसवलं तेच आता पेढ्याचा पुडा घेऊन गुरुजींच्या ओसरीवर बसू लागले. गुरुजी डांबरगोळ्यांच्या वासाची ट्रंक उघडत आणि प्रत्येकाला काडेपेटीपासून सुरुवात करून सगळं दाखवत. उठायची सोय नाही.

"गुरुजी, आमच्या आज्याचं काही असंल तर बघा ना."

"हाय ना!" गुरुजींनी जपून एक पिवळी घडी उलगडली. "ही त्याच्या लग्नाची पत्रिका. नांदेडला छापलेली."

"जात लिहिली हाय का?"

"जात न्हाई. पण वेलबुट्टी बघ, दोन रंगांत हाय."

तो गडी जरा वेळ पत्रिकेकडं आणि जरा वेळ पेढ्याच्या पुड्याकडं बघत राहिला. "झेरॉक्स तरी द्या मग."

"देतो," गुरुजी म्हणाले, "पण रंगीत काढायची."