पायरीपायरीने खाली

ऑफिसात एक पायरी चढायला मला निम्मं आयुष्य घासावं लागलं. सिंधुदुर्गात काकांच्या बागेत मात्र एप्रिलच्या एकाच आठवड्यात मी भराभर खाली आलो, तेही बिनपगारी.

गेलो होतो हापूस काढायला. हातात झेला: लांब बांबू, टोकाला जाळी, जाळीच्या तोंडाशी पातं. फळ जाळीत घ्यायचं, बेताने ओढायचं आणि बोटाच्या पेराएवढा देठ ठेवून अलगद खाली आणायचं. देठ मुळातून तुटला की चीक उडतो, फळावर ओघळला की डाग पडतो आणि डाग पडला की भाव पडतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने यासाठीच ‘नूतन झेला’ तयार केलाय, हे मी येताना गाडीत वाचलं होतं. काकांना ते सविस्तर समजावूनही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या हातात होता तो तोच होता.

मान वर करून काम करताना माणसाचं तोंड आपोआप उघडं राहतं, हे त्या वाचनात कुठेच नव्हतं. पहिल्याच देठाचा चीक हनुवटीवर आला. संध्याकाळपर्यंत तिथे असा चट्टा उठला, की शेजारच्या आजींनी काकूंना बाजूला घेऊन ‘पोराला नागीण झाली काय’ म्हणून विचारलं. तरी टोपली भरली. काकांनी त्यातला एक आंबा हातात फिरवून पाहिला. हापूस काढायचा तो १४ आणे तयार झाला की: गाल भरलेले, पण फळ कडक आणि हिरवंच. आणखी कोवळा काढला तर आढीत पिकत नाही, नुसता सुरकुततो.

“ह्यो धा आणे,” काका म्हणाले. “तू किती ता मगे सांगतंय.”

दुसऱ्या दिवशी माझी बदली काजूवर झाली. तिथे वर बघायचं नसतं, एवढाच निकष असावा. खाली पडलेली बोंडं गोळा करायची आणि पिळून बी वेगळी काढायची. हे जमलं. मग उसळीसाठी ओले काजूगर काढायला काकूंनी बसवलं आणि हाताला खोबरेल लाव म्हणाल्या. मोबाइलला तेलकट हात लागतील म्हणून मी नको म्हटलं. काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं. दोनेक दिवसांत बोटांची सालं निघाली आणि ज्या मोबाइलसाठी हा त्याग केला होता, त्याने माझा अंगठा ओळखायचं नाकारलं. उसळ मात्र अप्रतिम झाली होती. मी चमच्याने खाल्ली.

पुढची पायरी रातांब्यांची. फोडलेल्या रातांब्यांची सालं मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. असं काही दिवस चाललं की काळीशार आमसुलं होतात. मला फक्त राखण करायची होती, आणि पाऊस आला तर वाळवण उचलायचं होतं. मोबाइलवर पावसाची शक्यता ४० टक्के दिसली की मी सगळं पडवीत आणायचो. २० टक्के झाली की परत अंगणात. रसाने शर्ट जांभळा झाला, सालं ओलीच राहिली.

“रे, आमसुलांका वायच ऊन लागूंदे!” काकू अखेर ओरडल्या.

म्हणून मी एका दुपारी मोबाइल बघितलाच नाही. त्याच दुपारी अवकाळी कोसळला.

शेवटी मला बागेत पत्र्याचा डबा आणि काठी देऊन बसवलं, वानरं हाकायला. सोबत कुत्रा होता. कुत्रा आहे तोवर वानरं पलीकडच्या फणसावर बसून राहायची. तो जेवायला घरी गेला की खाली उतरायची. मी डबा जीव तोडून बडवत असायचो. त्यांच्यातला एक दांडगा हुप्प्या तर माझ्याकडे बघत, आरामात, साल सोलून आंबा खायचा. तिसऱ्या दिवसापासून काकू कुत्र्याचं जेवण बागेत पाठवू लागल्या. मला घरी बोलवायच्या.

निघताना काकांनी गाडीत एक पेटी ठेवली. “तू काढलेले आसत,” एवढंच म्हणाले. सोसायटीत दरवर्षी लोक आमच्या गावच्या हापूसची वाट बघतात. यंदा मी घरोघर वाटी नेऊन दिली. हापूसच होता; बायकोने लोणच्यात मेथी जरा जास्त घातली होती, इतकंच.