जुनी येझदी कशी घ्यावी : भीमाशंकर पद्धत

म्हैसूरचा येझदी मोटारसायकलचा जुना कारखाना 1996 साली बंद पडला. त्यामुळे कंपनीकडे तक्रार करण्याचा मोह आपोआप टळतो. घोडेगाव ते भीमाशंकर या पट्ट्यात खरेदी करणाऱ्याने पुढील क्रम काटेकोर पाळावा.

1. मुहूर्त. उन्हाळ्यात सौदा करू नये. गंज तेव्हा ताज्या रंगाखाली गुपचूप बसलेला असतो. आषाढात जावे. इथला पाऊस मडगार्ड, टाकीचा तळ आणि चेसिसचे जोड फुकटात तपासून देतो.

2. दर्शन. गाडी पडवीत, हिरड्याच्या पोत्यांमागे असेल. आधी इंजिनाला हात लावावा. कोमट लागले, तर तुम्ही येण्यापूर्वी कोणीतरी घामाघूम झालेले आहे. “पाव्हणं, एका किकेत सुरू होती,” हे खरेच असते. ती किक कितवी, एवढेच विचारावे.

3. किक. येझदीचा किक आणि गिअरचा दांडा एकच. उभा केला की किक, खाली परतवला की गिअर. हे घरूनच शिकून जावे. किक शोधत गाडीभोवती फिरणाऱ्या गिऱ्हाइकाला भाव चढा लागतो.

4. कागद. चेसिस नंबर आरसी बुकाशी आकडा-आकडा जुळवावा. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी, पर्यावरण कर आणि कर्जाचा बोजा पाहावा. मूळ मालक वारला असेल, तर वारस किती आणि त्यांचे आपसात बोलणे आहे का, याची चौकशी करावी. भीमाशंकराच्या देवळातली मोठी घंटाही जुना परदेशी मालच. पण ती चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई विजयातली सांगतात, म्हणून तिचे ट्रान्सफर कोणी मागत नाही. तुम्ही वसई जिंकलेली नाही. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्याव्यात.

5. घाट. डिंभ्याच्या पुढे पोखरी घाटात गाडी न्यावी. आवाज वाढला आणि वेग तोच राहिला, तर क्लच प्लेटा गेल्या. धुराला घाबरू नये, टू-स्ट्रोकला तो शोभतो. मागे मालकालाच बसवावे. तो ढकलायला उतरला की किंमतही उतरते.

6. प्रतिष्ठा. गाडीला 50 वर्षे झाली असतील आणि रूप मूळचे असेल, तर 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 20 हजार रुपये भरून ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. मग ती रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती अशा कामांसाठीच परवानगी असते. काळजी नसावी. शेवटच्या दोन कामांपलीकडे ती कुठे जाणारही नाही.