तयारी सुरू आहे जी

भंडारा जिल्ह्यात तुम्ही पवनीच्या अंगाने शिरा, नाहीतर लाखनी-साकोलीकडून; पहाटे साडेचारला गावच्या रस्त्यावर हमखास दोघे भेटतात. एक दूधवाला, दुसरा भरतीभाऊ. दूधवाल्याला कुठेतरी पोहोचायचे असते. भरतीभाऊ ग्रामपंचायतीपासून धानाच्या गिरणीपर्यंत पळतो आणि तसाच परत फिरतो, कारण ते अंतर टेप लावून मोजलेले बरोबर आठशे मीटर आहे. पोलीस भरतीत सोळाशे मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत मारले की वीसपैकी वीस गुण. भाऊला पाच चाळीस लागतात. मागे कुत्रे लागले तर पाच वीस. मैदानी चाचणीला कुत्रे आणू देत नाहीत, ही त्याची शासनावरची पहिली नाराजी.

वय विचारले तर तो आकडा सांगत नाही. "पोलिसाला दोन वर्षं उरली, तलाठ्याला बारा," असा हिशेब देतो. आपण वजाबाकी करून घ्यायची.

त्याची खरी मालमत्ता म्हणजे एक निळी प्लास्टिकची फाइल. अधिवास, नॉन क्रिमीलेअर, जात वैधता, एमएस-सीआयटी, मराठी टायपिंग 30, इंग्रजी 40, आणि प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स. सगळ्यात वर, वेगळ्या पारदर्शक पाकिटात, प्रकल्पग्रस्ताचा दाखला. आजोबांची जमीन गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रात गेली, त्याचे हे फळ: पाच टक्के समांतर आरक्षण. दाखल्याचा फायदा मात्र घरात एकालाच. चुलतभाऊ तिघे. जमीन होती तेव्हा तिच्यावरून कोणी भांडले नव्हते. ती पाण्याखाली गेल्यावर तिच्या कागदावरून दोन घरांत जेवणखाण बंद झाले. भाऊचे वडील कधी वैतागून म्हणालेच, "किती वर्षं चालणार तुझी तयारी?" तर तो शांतपणे धरणाकडे बोट दाखवतो. 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले, कालव्यांची कामे अजून चालूच आहेत. त्या मानाने आपण काहीच उशीर केलेला नाही.

अभ्यासाला एरवी भरती-ओहोटी असते, पण रोवणीचे दिवस आले की त्याला जे तेज चढते ते पाहण्यासारखे. घरचे सगळे बांधीत, गुडघाभर चिखलात, हातात पऱ्ह्यांच्या पेंढ्या. आणि भाऊ अभ्यासिकेत पंख्याखाली जमीन महसूल अधिनियम पाठ करतो आहे. सातबाऱ्यात काय असते, आठ-अ कशाला म्हणतात, फेरफाराची नोंद कशी होते, झोपेतून उठवून विचारा. फक्त आपली बांधी नेमकी कोणती, हे त्याला आईला फोन करून विचारावे लागते. मराठी व्याकरणही घरातूनच पक्के झाले आहे. 'आईने भात वाढला', कर्मणी प्रयोग. 'बापाने पोराला हाकलले', भावे प्रयोग. दुसऱ्या उदाहरणाचा सराव जास्त झालेला आहे.

सामान्य ज्ञानात त्याचा एक जुना घाव आहे. 'तलावांचा जिल्हा कोणता?' हा प्रश्न. जुन्या गाईडात उत्तर भंडारा. पण 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा झाला आणि नवेगावबांधपासून कितीतरी मोठे तलाव तिकडे गेले, म्हणून काही गाईडांत गोंदिया. परीक्षेत पर्याय दोन्ही. भाऊने भंडारा लिहिले, उत्तरतालिकेत गोंदिया निघाले, त्याने शुल्क भरून हरकत घेतली. पुढच्या परीक्षेला त्याने धडा घेऊन गोंदिया लिहिले, तालिकेत भंडारा. तेव्हाही हरकत घेतली. हल्ली तो या विषयावर चहाच्या टपरीवर अर्धा तास बोलतो आणि शेवटी खांब तलावाचे नाव काढून हळवा होतो.

बाकी आकडेवारीत त्याला कोणी हरवू शकत नाही. 2023 ची तलाठी भरती: जागा 4644, अर्ज दहा लाखांवर. 2024 ची पोलीस भरती: जागा 17,471, अर्ज सतरा लाखांवर. म्हणजे एका खुर्चीमागे शे-दोनशे माणसे उभी. त्यातही तलाठ्याच्या निकालात गुणांचे सामान्यीकरण झाले आणि कुणाला तरी 200 पैकी 214 मिळाले. "माझा अभ्यास शंभर टक्के होता," भाऊ म्हणतो, "इथं एकशे सात टक्के लागते." आणि फारच खचला की 1954 ची पोटनिवडणूक काढतो. "भंडाऱ्यातून प्रत्यक्ष बाबासाहेबांना जागा मिळाली नाही जी. आपन कोन?" यावर कोणाला काही बोलता येत नाही. मीही एकदा गप्प बसलो आहे.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दंडार, नाटक, आणि झाडून सगळे पाहुणे. भाऊ त्या दिवशी शक्यतो मुख्य रस्ता टाळतो, तरी मामा गाठतातच.

"काय गा बाबू, लागला का कोठी?"

"तयारी सुरू आहे जी."

"मांगच्या मंडईतबी सुरूच होती."

"ते तलाठ्याची जी. आता वनरक्षकाची."

वडिलांचे गणित वेगळे. त्यांना परीक्षा शुल्क रुपयांत कळत नाही, युरियात कळते. पंचेचाळीस किलोची पिशवी 266 रुपये 50 पैसे. नऊशे रुपयांचा फॉर्म म्हणजे तीन पिशव्या आणि वर शंभर रुपये. "अर्धा एकर तं वनखात्यालेच घातला," असे ते मागच्या महिन्यात म्हणाले.

पण गावाला त्याच्यावाचून चालत नाही. पीकविमा, शिष्यवृत्ती, धान खरेदीची नोंदणी, म्हातारीचे निराधार अनुदान. कोणतीही वेबसाइट रात्री कधी चालते हे फक्त त्यालाच ठाऊक. शेजारच्या मुलीचा पोलिसाचा फॉर्म त्यानेच भरला, फोटोची साइज त्यानेच कमी केली, पहाटे एकटी कशी पळणार म्हणून तिच्यासोबत तोच पळाला. ती लागली.

चौकात बॅनर लागले. मधोमध ती, खाकीत. कोपऱ्यात गोल चौकटीत भाऊ, खाली 'मार्गदर्शक'. भाऊने आधी बॅनरवरच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजल्या, मग सत्काराला उभे राहून वेळेचे नियोजन या विषयावर वीस मिनिटे भाषण केले. सहा मुलींनी तिथेच नावे दिली.

वडील बॅनरसमोर बराच वेळ उभे होते. घरी येऊन हातपाय धुतले आणि म्हणाले, "हे मार्गदर्शकाची जागा कवा निघते गा? तेचा फॉर्म भरून टाक. तीन पिशव्या गेल्या तं गेल्या."