२०० मायक्रॉनचे गृहस्थ

नवी गाडी कोणी घेतली आहे, हे पुण्यात गाडीवरून कळत नाही, माणसावरून कळतं. एरवी सोसायटीच्या वार्षिक सभेत ताठ बसणारा माणूस पार्किंगमध्ये उकिडवा बसलेला दिसतो. मान तिरकी, एक डोळा मिटलेला, गाल दाराच्या पत्र्याला लागेल न लागेल इतका जवळ. मोबाइलचा टॉर्च लावून तो पत्र्यावरून नजर फिरवत असतो. आपण ‘काय, काही हरवलं का?’ म्हणून विचारलं, तर वर न बघता उत्तर येतं, ‘स्वर्ल मार्क्स आहेत. शोरूमनेच करून दिलेत.’

असे गृहस्थ हल्ली कोथरूडपासून बाणेरपर्यंत दर सोसायटीत निदान एक तरी असतातच. आमच्या वाट्याला आलेले गृहस्थ पिंपरीच्या एका कारखान्यातून, क्वालिटी कंट्रोलमधून निवृत्त झाले. जन्मभर दुसऱ्यांनी केलेला माल नाकारून पगार घेतला. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत जिलबीचे वेढे कमीजास्त दिसले तरी त्यांची भुवई वर जाते. त्यांच्या घरी व्हर्निअर कॅलिपर आहे आणि तो स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, चमच्यांच्या शेजारी राहतो. तो तिथे का, हे काकूंना एकदा विचारलं. ‘पोळ्या,’ एवढंच म्हणाल्या.

जुनी गाडी त्यांनी आरसीची पंधरा वर्षं संपत येईपर्यंत वापरली. नवी घ्यावी की नको, या विचारात दोन अर्थसंकल्प गेले. मग २२ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन घटस्थापनेला, चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. गृहस्थांनी हे सरकारने आपल्यासाठीच केलं असं धरलं आणि दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, पांढरीशुभ्र छोटी एसयूव्ही दारात उभी राहिली.

पूजेला गुरुजी आले. त्यांनी सवयीने कुंकू कालवलं आणि अनामिका बॉनेटकडे नेली. ‘गुरुजी, काचेवर!’ असा आवाज आला, तेव्हा गुरुजीच काय, वॉचमनही दचकला. स्वस्तिक काचेवर निघालं. झेंडूच्या हाराची सुतळी बंपरला घासते म्हणून हार आतल्या आरशाला गेला. नारळाच्या करवंटीचा तुकडा उडाला तर कुठवर जातो, याचा अंदाज घेऊन नारळ पार गेटबाहेर फुटला. लिंबं मात्र चाकांखाली निमूटपणे ठेवू दिली. टायरला पेंट नसतो.

पण ही सगळी तात्पुरती व्यवस्था. खरा किडा शोरूममध्येच सोडला गेला होता. डिलिव्हरीच्या कागदांवर सह्या चालू असताना तिथल्या मुलाने अगदी सहज विचारलं होतं, ‘सर, प्रोटेक्शन काय घेताय? सिरॅमिक की पीपीएफ?’ सिरॅमिकची ओळख त्याने ‘नाइन एच हार्डनेस’ अशी करून दिली. बिचाऱ्याला समोर कोण बसलंय याची कल्पना नव्हती. रंगाचा कडकपणा मोजायला वेगवेगळ्या शिशाच्या पेन्सिली पृष्ठभागावर ओढून बघतात, त्यातली नाइन एच ही सगळ्यांत कडक पेन्सिल, हे गृहस्थांनी त्याला सविस्तर समजावून सांगितलं. सिरॅमिकने पाणी ओघळून जातं, चकाकी येते, धुणं सोपं होतं, पण उडालेला खडा त्याने अडत नाही, हेही सांगितलं. शेवटी म्हणाले, ‘आणि पुण्यात गाडीवर पेन्सिलीने कोणी रेघा ओढत नाही. किल्लीने ओढतात.’

राहता राहिली पीपीएफ. पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा (टीपीयूचा) पारदर्शक, ताणला जाणारा थर. गाडीच्या रंगावर तो चिकटवतात आणि काही वर्षांनी गरम करून सोलून काढतात. जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन. मायक्रॉन हा शब्द ऐकला आणि निवृत्तीनंतर प्रथमच गृहस्थांच्या चेहऱ्यावर कामावर असतानाचं तेज आलं. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमर, रंग, क्लिअर कोट असे सगळे थर मिळून जाडी भरते १०० ते १२० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे साडीपेक्षा फॉल जाड! विक्रेते ‘आठ मिल’ म्हणतात त्याचे किती मायक्रॉन होतात, हे त्यांनी लिफ्टमध्ये भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं. इंचाचा हजारावा भाग म्हणजे मिल. ‘आम्ही शॉपवर त्याला थाऊ म्हणायचो. आठ थाऊ म्हणजे दोनशेला वर तीन मायक्रॉन.’ आमची लिफ्ट हळू आहे.

फिल्मचा इतिहासही त्यांनी खणून काढला. ही कल्पना मुळात व्हिएतनामच्या युद्धातली. वाळूने आणि उडणाऱ्या खड्यांनी हेलिकॉप्टरची पाती झिजायची, ती वाचवायला अमेरिकेत अशी फिल्म निघाली. पुढे ती शर्यतीच्या गाड्यांवर आली आणि मग साध्या गाड्यांवर. हे त्यांनी चहाच्या वेळी रंगवून सांगितलं. काकू पोहे परतत होत्या. म्हणाल्या, ‘अहो, पण आपण गाडी मंडईत नेणार ना?’

मग एका रविवारी मलाही त्यांच्याबरोबर बाणेरच्या एका डिटेलिंग स्टुडिओत जावं लागलं. कार वॉशचा स्टुडिओ झाल्यापासून तिथली मुलं काळे टी-शर्ट घालतात आणि हळू आवाजात बोलतात. एका मुलाने फिल्म लावलेलं एक सुटं बॉनेट टेबलावर ठेवलं, पितळी तारांचा ब्रश घेतला आणि खसाखसा घासला. गृहस्थांनी डोळे मिटले. बॉनेटभर जाळं उमटलं. मुलाने किटलीतलं गरम पाणी ओतलं आणि ओरखडे बघता बघता नाहीसे झाले. ‘सेल्फ हीलिंग, सर.’

गृहस्थांनी खिशातून रुमाल काढला, बॉनेट कोरडं केलं, बोट फिरवून बघितलं.

‘मग रोज गरम पाणी कोण ओतणार?’

‘काका, उन्हात गाडी लावली की आपोआप भरतं.’

‘आमचं पार्किंग स्टिल्टमध्ये आहे.’

‘मग थोडा वेळ बाहेर लावायची.’

‘बाहेर पर्जन्यवृक्ष आहे. वर कावळे आहेत.’

मुलगा सर वरून काकांवर आला, तिथेच मला पुढचा अंदाज आला होता. गृहस्थांनी मग स्वतःच्या घराची किल्ली काढली आणि बॉनेटवर मनापासून ओढली. पाणी ओतलं. ही रेघ काही गेली नाही. ‘काका, ही खोल आहे. नखाला लागणारी रेघ भरत नाही. वरच्यावरचे बारीक ओरखडे भरतात.’ हे मात्र मुलाने सरळ सांगितलं, आणि तिथून पुढे गृहस्थ त्याच्याशी जरा मानाने बोलायला लागले. फिल्म प्लॉटरवर आधीच कापून आणता की गाडीवर ठेवून ब्लेडने कापता? ब्लेड रंगाला लागलं तर? खोलीत धूळ किती? कडा दुमडून आत घेता की काठावर सोडता? पिवळी पडली तर वॉरंटीत बसते का, आणि वॉरंटी कंपनीची की तुमची? हे प्रश्न खरोखरच विचारण्यासारखे आहेत, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. फिल्म नीट सरकवून बसवायला खाली लहान मुलांचा शाम्पू मिसळलेलं पाणी फवारतात, हे कळल्यावर मात्र ते थोडे हळवे झाले.

अंगभर फिल्मचा दर, गाडी आणि फिल्मचा दर्जा पाहून, साधारण ७० हजारांपासून दीड लाखापर्यंत. त्यांना मिळालेलं कोटेशन ९० हजारांचं. त्याच रात्री एक्सेल शीट उघडली गेली. वॉरंटी ५ वर्षं, म्हणजे वर्षाला १८ हजार, महिन्याला १५०० आणि दिवसाला ५० रुपये. ‘दिवसाला फक्त ५० रुपये!’ काकूंनी आकडा ऐकून घेतला आणि म्हणाल्या, ‘म्हणजे दिवसाआड एक मिसळ. मिसळ खाऊ या ना.’ दुसऱ्या रकान्यात एक दार पुन्हा रंगवायचा खर्च आला. तिसऱ्यात विमा: झिरो डेप पॉलिसी आहे खरी, पण क्लेम केला की नो क्लेम बोनसवर पाणी, आणि तो पहिल्याच वर्षी २० टक्के मिळतो. चौथ्या रकान्याला नाव होतं ‘पुनर्विक्री’. जुनी गाडी घेणारे पत्र्यावर जाडी मोजायचं यंत्र लावतात, मूळ रंग असेल तर दर चांगला येतो. मुद्दा बिनतोड होता. फक्त हे गृहस्थ गाडी पंधरा वर्षांच्या आत विकत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. पाच-सात वर्षांनी फिल्म सोलल्यावर आतून कोरी करकरीत गाडी निघेल, आणि तिला पुन्हा फिल्म लावावी का, हा प्रश्न त्या दिवशी उभा राहील.

मुलगा सिअ‍ॅटलला असतो. फोनवर म्हणाला, ‘बाबा, लावून टाका, पैसे मी पाठवतो.’ यावर, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे, हे ठरलेलं उत्तर गेलं. शिवाय अमेरिकेत बर्फ पडतो तिथे रस्त्यावर मीठ आणि खडी टाकतात, तिथे फिल्मची गरज वेगळी, पुण्याची वेगळी, असंही ऐकवलं गेलं. तत्त्व कोणतं, ते विचारायची सोय नव्हती.

मी त्यांना हसतो खरा, पण त्या पिढीचं मला कळतं. आकुर्डीत बनणाऱ्या चेतकसाठी आकुर्डीच्या शेजारच्या माणसालाही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. अशी हाती आलेली वस्तू माणूस वापरायला काढत नाही, जपायला काढतो. त्यांच्या घरात रिमोट प्लॅस्टिकमध्ये आहे, फ्रिजच्या हँडलला विणलेली पिशवी आहे, सोफ्याला कव्हर आहे आणि पाहुणे नसले की त्या कव्हरवर जुनी चादर. सोफ्याचा मूळ रंग कोणता, यावर नवराबायकोत एकमत नाही.

निर्णय होईपर्यंत गाडी अर्थातच कव्हरखाली. इथे गंमत अशी, की धुळकट गाडीवर कव्हर ओढलं की अडकलेली धूळ रंगावर घासत राहते आणि नेमके तेच बारीक गोल ओरखडे येतात, ज्यांच्या शोधात हे उकिडवे बसतात. त्याहून मोठा गुन्हेगार म्हणजे महिन्याच्या पगारावर सकाळी गाड्या पुसणाऱ्या मुलाचं फडकं. एक बादली, एक फडकं, दहा गाड्या. पहिल्या गाडीची रेती दहाव्या गाडीच्या क्लिअर कोटवर. हे लक्षात आलं त्या दिवशी गृहस्थांनी त्या मुलाला थांबवलं, दोन वेगळ्या बादल्या आणि मायक्रोफायबरची चार फडकी आणून दिली, आणि खांबावर पाटी लावली: ‘गाडीस टेकून उभे राहू नये. टेकण्यासाठी समोर भिंत आहे.’ खाली, लहान अक्षरात: ‘भिंतीचा रंग ओला असल्यास जबाबदारी सोसायटीची.’

दिवाळी तोंडावर आली तशी घाई सुरू झाली. अंगणातल्या भुईनळ्याच्या ठिणग्या, पुढे रंगपंचमी, त्यापुढे गणपतीतला गुलाल. पुण्याच्या पंचांगात गाडीच्या रंगाला सुखाचा महिना नाही. त्यातच भाऊबीजेला नारायण पेठेत बहिणीकडे जाणं आलं. विषम तारखेला ज्या बाजूला गाडी लावायची ती बाजू सापडली, जागाही सापडली, पण गाडी आणि भिंत यांमध्ये उरलेल्या फटीतून पुणेकर दुचाकीस्वार जातोच. हँडल, आरसा, फूटरेस्ट आणि कॅरिअरला लावलेली पिशवी, असे चार निरनिराळ्या उंचीवरचे धोके गृहस्थांनी बहिणीच्या गॅलरीतून उभं राहून मोजले. ओवाळणी गॅलरीतच झाली. खाली येऊन टॉर्च मारला, तर मागच्या दारावर बोटभर पोचा. ओरखडा नव्हे, पोचा. फिल्म असती तर पोच्यावर फिल्म असती.

त्या पोच्याने जे काम केलं ते एक्सेलला जमलं नव्हतं. परतताना ते पूर्ण शांत होते. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत फोन गेला: अंगभर नको. बॉनेट, पुढचा बंपर, पुढच्या मडगार्डचा भाग, दोन्ही आरसे, दारांच्या कडा आणि हँडलमागच्या वाट्या, जिथे काकूंच्या बांगड्या लागतात. खर्च एकतृतीयांशावर आला. मागचं दार पोच्यासकट तसंच ठेवलं आहे. आता तिथे गाल लावून कोणी बसत नाही.

मला विचाराल तर हिशेब हाच बरोबर आहे. दर आठवड्याला एक्स्प्रेसवेवर ट्रकच्या मागे जाणार असाल, साताऱ्याच्या रस्त्यावर खडी खाणार असाल, तर गाडीच्या पुढच्या भागाला चांगली टीपीयू फिल्म लावा. पीव्हीसीची स्वस्त फिल्म पिवळी पडते, ती घेऊ नका. गाडी महाग असेल, गडद रंगाची असेल आणि चार-पाच वर्षांत विकायची असेल, तर अंगभर लावायलाही हरकत नाही. पण गाडी कर्वे रोड ते लक्ष्मी रोड एवढीच फिरणार असेल, तर तिचं भवितव्य खड्यांच्या नव्हे, हँडलांच्या हातात आहे, आणि त्यावर अजून फिल्म निघालेली नाही. ते पैसे ठेवा, पुसणाऱ्या मुलाला स्वच्छ फडकी द्या आणि गाडी भिंतीला अगदी चिकटून लावा.